बारीक आणि राबता माणूस, म्हणून हृदयविकार नाही?

‘शेतात राबणाऱ्या बारीक माणसाला हार्ट अटॅक येत नाही, तो बसून खाणाऱ्यांचा आजार’ हा मेसेज निपाणी-खानापूरकडं वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धं खरं आहे: कष्टानं धोका कमी होतो. संपत मात्र नाही.

वजन हे अनेक कारणांपैकी एक. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, वय, घराण्यातला आजार ही बाकीची, आणि यांतली बरीचशी अंगाकडं बघून कळत नाहीत. बीपी वाढलेलं असलं तरी बहुतेकांचं डोकंसुद्धा दुखत नाही. निपाणी तर तंबाखूचाच पट्टा. बिडीतलं निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, धूर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतो. ओढणारा जाड की बारीक, त्यानं सुटका होत नाही. बिडी सोडल्यावर वर्षभरात तिच्यामुळं वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

पडताळणी सोपी. जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं, तर डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. टेपनं कंबरही मोजा: पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढं गेली, तर हातपाय काडीसारखे असले तरी पोटात चरबी साठलेली असू शकते.