खिडक्या लावून घेतल्या की धुळीचा दमा थांबतो?

‘रस्त्यावरची धूळ घरात येते, म्हणून दमा उठतो, खिडक्या लावून घ्या,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. बाहेरचा धूर आणि बांधकामाची धूळ त्रास देतातच, त्यात वाद नाही. पण धुळीच्या अ‍ॅलर्जीचा मुख्य आरोपी बहुधा गादीतच असतो.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी 1960च्या दशकात दाखवून दिलं की घरातल्या धुळीत खरा उपद्रव माइट या जिवाचा. लांबी जेमतेम 0.3 मिलिमीटर, खाणं आपल्या कातडीचा गळालेला कोंडा. तो चावत नाही. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. ते कण जड असल्याने हवेत फार वेळ तरंगत नाहीत, पण चादर झटकली की नेमके नाकाशी उडतात.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. म्हणजे पावसाळ्यात मुंबई-कोकणातलं बंद, दमट घर त्याला आंदणच! पाऊस उघडला की खिडक्या उघडाव्यात, ते यासाठी.

गादीला कडक ऊन दाखवण्याची आजीची पद्धत चांगलीच. उन्हाने बरेच माइट मरतात. मात्र विष्ठा आतच राहते. म्हणून चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. कोरड्या केरसुणीऐवजी ओलं फडकं बरं. झुरळांचाही बंदोबस्त हवा, त्यांचीही अ‍ॅलर्जी होते. आणि घर लख्ख झालं म्हणून डॉक्टरांनी दिलेला इनहेलर परस्पर बंद करू नये.