क्योइकु की गिजिन्कोकु? जपानमध्ये शिकवण्याची नोकरी बदलताना

तोक्योच्या निशिकासाई भागात कुणी नोकरी बदलतंय म्हटलं की मराठी मंडळींकडून एकच सल्ला मिळतो: "काही नाही गं, नव्या ठिकाणी रुजू हो, चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळव, झालं." सल्ला देणारा बहुधा पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला असतो आणि त्याच्यापुरतं ते अगदी खरं असतं. शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी तेच ऐकून शाळा सोडून खासगी इंग्रजी क्लास धरला, तर मात्र नकळत बेकायदा काम सुरू होतं. दोघांच्या खिशातलं कार्ड दिसायला सारखंच, पण त्यावर छापलेली ओळ वेगळी.

त्या ओळीकडे जाण्याआधी "व्हिसा" या शब्दाचा गोंधळ मिटवू. व्हिसा म्हणजे भारतातल्या जपानी वकिलातीने पासपोर्टवर दिलेली प्रवेशाची मुभा. विमानतळावर उतरलात की त्याचं काम संपलं. पुढे जपानमध्ये राहायचा आणि कमवायचा अधिकार देतो तो निवासाचा दर्जा, जपानीत झाईर्यू शिकाकु. तो परराष्ट्र खात्याकडून येत नाही, न्याय मंत्रालयाच्या हाताखालच्या इमिग्रेशनकडून येतो आणि 2012 पासून मिळणाऱ्या झाईर्यू कार्डावर छापलेला असतो. बोलताना सगळे त्यालाच व्हिसा म्हणतात; म्हणोत बापडे. पण पासपोर्टवरच्या स्टिकरची तारीख उलटली म्हणून मे महिन्यातली गावची लग्नं चुकवणारी माणसं आहेत. कार्ड चालू असेल आणि वर्षाच्या आत परतायचं असेल, तर निघताना विमानतळावरच्या कागदावर "परत येणार" अशी खूण करून जाता येतं. नवा व्हिसा लागत नाही.

आखातात नोकरी केलेल्यांची आणखी एक समजूत असते, की कागद मालकाच्या हातात. तिथे स्पॉन्सर सुटला की मुक्कामही डळमळतो. जपानमधला दर्जा सहसा मालकाला बांधलेला नसतो, तो कामाच्या प्रकाराला बांधलेला असतो. म्हणून प्रश्न "कंपनी बदलली का" हा नाही, "कामाची जात बदलली का" हा आहे.

शिकवणाऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः दोन दर्जे येतात. पहिला इन्स्ट्रक्टर, म्हणजे क्योइकु. प्राथमिक शाळेपासून हायस्कूलपर्यंत, विशेष मुलांच्या शाळा, व्यवसाय शिक्षणाच्या संस्था आणि इंटरनॅशनल शाळांसारख्या शाळावजा संस्था यांत शिकवणं त्यात बसतं. दुसऱ्याचं नाव मालगाडीएवढं लांब: तंत्रज्ञान, मानव्यविद्या, आंतरराष्ट्रीय कामकाज. तिन्हींची आद्याक्षरं जोडून जपानी लोक त्याला गिजिन्कोकु म्हणतात. संध्याकाळी ऑफिस सुटलेल्यांना इंग्रजी संभाषण शिकवणारे क्लास, ज्यांना तिथे एइकाईवा म्हणतात, ते यात येतात. आणि गंमत म्हणजे आपला सॉफ्टवेअरवालाही यातच येतो. फळ्यासमोर उभी राहणारी क्लासची शिक्षिका आणि कोड लिहिणारा इंजिनीअर एका दर्जात, तर तीच इंग्रजी शाळेत शिकवणारी दुसऱ्या दर्जात! विषय तोच, पुस्तकही कदाचित तेच, फरक फक्त इमारतीचा.

इमारतीचा हा नियम कधी कधी चक्रावून टाकतो. बालवाडी क्योइकुच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे इंग्रजी शिकवणारे सहसा गिजिन्कोकुवर असतात. विद्यापीठ तिसऱ्याच दर्जात जातं, प्रोफेसर. तिथल्या नववीनंतरच्या मुलांना घेणारी पाच वर्षांची तंत्रनिकेतनं, जपानी कोसेन, हीसुद्धा प्रोफेसरमध्ये मोडतात. हे ठाऊक नसलेले जपानी लोकही भेटतात. सरकारच्या जेट योजनेतून (1987 पासून चालू) येणाऱ्यांतही हीच फाळणी आहे: वर्गात मदतनीस शिक्षक म्हणून आलेला क्योइकुवर, नगरपालिकेत भाषांतर आणि सांस्कृतिक कामाला आलेला गिजिन्कोकुवर. दोघेही एकाच योजनेचे, कदाचित एकाच गावात राहणारे.

आता बदलाकडे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, किंवा एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये गेलात तर दर्जा तोच राहतो. जुनी नोकरी सुटल्यापासून चौदा दिवसांत आणि नवी धरल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं. ऑनलाइन होतं, पोस्टानेही होतं. अर्ज मात्र दोघांचे वेगळे: क्योइकुवाल्यांनी "जिथे काम करतो ती संस्था" बदलल्याचा भरायचा, गिजिन्कोकुवाल्यांनी "ज्यांच्याशी करार आहे ती संस्था" बदलल्याचा. इंजिनीअर मित्राने पाठवलेली लिंक डोळे मिटून भरू नका म्हणतो ते यासाठी. कळवलंच नाही तर कायद्यात दोन लाख येनपर्यंत दंड आहे. शिवाय नूतनीकरणाच्या वेळी हे पाहिलं जातं, आणि पाच किंवा तीन वर्षांऐवजी एकच वर्ष हातात पडलं तर दर वर्षी तीच धावपळ.

नव्या मालकाकडचं काम आपल्या दर्जात बसतं का, अशी शंका असेल तर इमिग्रेशनकडून तसं प्रमाणपत्र मागता येतं. सक्तीचं नाही. पण माझं मत विचाराल तर घ्यावं, कारण एरवी हा प्रश्न थेट नूतनीकरणाच्या टेबलावर निघतो, आणि तोवर त्या नोकरीत दोन वर्षं गेलेली असतात.

शाळेतून क्लासमध्ये किंवा क्लासमधून शाळेत जायचं असेल तर नुसतं कळवून भागत नाही. दर्जा बदलण्याची परवानगी लागते, आणि ती हातात येईपर्यंत नवं काम सुरू करता येत नाही. महिना-दोन महिने धरून चालावं. अर्ज मुदतीत केला असेल आणि निकाल यायच्या आत जुनी मुदत संपली, तर निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, राहता येतं. पण ते जुन्याच दर्जावर. शाळेत शिकवतच संध्याकाळी क्लास घ्यायचा असेल तर वेगळी परवानगी असते, तिचा शिक्का कार्डाच्या मागे येतो. नवऱ्याच्या कार्डावर आश्रित म्हणून आलेल्या बायकांना आठवड्याला 28 तासांची मुभा मिळते ती याच खिडकीतून. पूर्णवेळ शिक्षिका व्हायचं तर त्यांनाही आधी दर्जा बदलावा लागतो.

आणि इथे मराठी वाचकांसाठी एक मेख आहे. शाळेत नियमित शिक्षकाऐवजी मदतनीस म्हणून, किंवा शाळावजा संस्थेत (परदेशी मुलांना परदेशी भाषेतून शिकवणाऱ्या इंटरनॅशनल शाळा सोडून) भाषा शिकवायची असेल, तर ती भाषा माध्यम असलेलं बारा वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं. म्हणजे साताऱ्याच्या मराठी शाळेत दहावी झालेली, पुढे इंग्रजीत एम. ए. केलेली बाई कितीही उत्तम शिकवत असली तरी ही अट गाठताना अडते. गिजिन्कोकुत क्लाससाठी ती अट नाही. भाषा शिकवण्याच्या कामाला एरवी लागणारा तीन वर्षांचा अनुभवही पदवीधराला माफ आहे. त्यामुळे क्लासमध्ये चार वर्षं सुरळीत काढलेली व्यक्ती शाळेकडे वळताना अचानक अपात्र ठरू शकते. गणित-विज्ञानवाल्यांचं वेगळं: अशा संस्थांत त्यांना त्या विषयाचा पाच वर्षांचा अध्यापन अनुभव दाखवावा लागतो. बी. एड. करून दोन-तीन शाळा पाहिलेल्या शिक्षकाकडे तो असतोच, फक्त जुन्या मुख्याध्यापकांकडून विषयाच्या उल्लेखासह पत्र आणायचं राहिलेलं असतं. ते निघतानाच घेऊन ठेवा. बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांना शोधत फोन करणं फार जिवावर येतं.

दोन नोकऱ्यांच्या मध्ये रिकामे राहिलात तर? तीन महिने सबळ कारणाशिवाय आपल्या दर्जाचं काम केलं नाही तर दर्जा रद्द होऊ शकतो. नोकरी शोधणं हे कारण धरलं जातं, पण ते दाखवता यायला हवं. अर्जांचे ईमेल, मुलाखतींच्या तारखा पुसू नका.

जपानी शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, करार 31 मार्चला संपतात. क्लासवाले वर्षभर केव्हाही माणसं घेतात आणि "पुढच्या सोमवारपासून या" म्हणतात. शाळा सोडून तिकडे जाणाऱ्याने करारावर सही करतानाच रुजू होण्याच्या तारखेशेजारी "दर्जाबदलाची परवानगी मिळाल्यावर" एवढे शब्द घालून घ्यावेत. परदेशी शिक्षक नेहमी ठेवणारे क्लास त्याला हरकत घेत नाहीत. जो घेतो, त्याच्याकडे जाऊच नये.