अर्धा गाभा पेटीत का ठेवतात?

टोरंटोचा बाजार उघडतो तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. रिझर्व्ह बँकेने 2004 मध्ये परदेशी पैसे पाठवायची मुभा दिली, आज ती वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत आहे. तिकडच्या छोट्या खाण कंपन्यांचे शेअर घेण्याची वाट त्यामुळे पुणेकरांनाही मोकळी झाली. या कंपन्यांकडे चालती खाण नसते. जमिनीवरचा हक्क आणि ड्रिलिंगचे निकाल, एवढंच भांडवल. म्हणून हे निकाल जाहीर करायचे नियम कुठून आले, ते माहीत हवंच.

पहिला धडा ऑस्ट्रेलियाचा. 1969 मध्ये पोसायडन कंपनीला विंडारा इथे निकेल लागलं. 80 सेंटच्या आसपासचा शेअर फेब्रुवारी 1970 मध्ये 280 डॉलरवर गेला आणि मग कोसळला. त्यातून पुढे समिती बसली आणि 1989 मध्ये 'जॉर्क' संहिता, म्हणजे खनिज शोधाचे निकाल आणि साठे जाहीर करायची नियमावली, आली.

दुसरा धडा जास्त कडू, ब्री-एक्सचा. कॅलगरीच्या या कंपनीने इंडोनेशियात बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचं सांगितलं. आपल्याकडे बोअर घेताना खडकाचा भुगा वर येतो. शोधाच्या ड्रिलिंगमध्ये पोकळ हिरे-बिट वापरून खडकाचा अखंड दांडा काढतात. हा गाभा उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपायचा, म्हणजे कुणालाही फेरतपासणी करता येते. ब्री-एक्स अख्खा गाभाच चुरून पाठवत होती, आणि नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं जात होतं. मार्च 1997 मध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकी खाण कंपनीने शेजारीच स्वतःची भोकं घेतली, त्यांत सोनं जवळजवळ नव्हतंच. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार कंपनीच्या अहवालाने बनावटगिरीवर शिक्कामोर्तब केलं. सुमारे सहा अब्ज कॅनेडियन डॉलरचं बाजारमूल्य धुळीला मिळालं. त्यात सामान्य माणसांची बचतही होती. कॅनडाचा 43-101 नियम 2001 मध्ये आला तो यानंतर. तांत्रिक माहितीमागे नाव देऊन जबाबदारी घेणारा पात्र तज्ज्ञ तेव्हापासून सक्तीचा झाला.

पण नियम पाळूनही आकडे फसवे दिसू शकतात. '20 मीटरमध्ये टनाला 5 ग्रॅम सोनं, त्यात 1 मीटरमध्ये 80 ग्रॅम' असा निकाल आला तर गणित कराच: 20 गुणिले 5 म्हणजे 100, त्यातले 80 एका मीटरचे. उरलेल्या 19 मीटरला जेमतेम 1 ग्रॅम! शिवाय तिरक्या भोकातली लांबी म्हणजे शिरेची खरी जाडी नव्हे.

भारतात छोट्या शोध कंपन्यांची ही परंपरा रुजलीच नाही. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावात गेले; आधी शोध घेणाऱ्यांचे राखून ठेवलेले हक्कही 2021 मध्ये बहुतांशी संपले. स्वतःच्या पैशाने शोध घ्यायचा आणि पट्टा मात्र बोलीवर, मग छोटी कंपनी उतरेल कशाला? 2023 मध्ये सोनं, तांबं, लिथियम अशा 29 खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आला. तोही लिलावानेच मिळतो, पण पुढे पट्टा घेणाऱ्याच्या लिलाव-रकमेतला वाटा शोधणाऱ्याला मिळण्याची सोय त्यात आहे.