रग्बी लीग आणि रग्बी युनियन : पगार कोण देतो आणि खेळाडू खेळ का बदलतो

२२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत रग्बी युनियनच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि इंग्लंडने तो २०-१७ असा जिंकला. त्या संपूर्ण सामन्यात दोनच ट्राय झाले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू दोनदाच टेकवला गेला. पहिला ऑस्ट्रेलियाच्या लोटे तुकिरीने केला आणि दुसरा इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सनने. हे दोघेही मूळचे रग्बी लीगचे खेळाडू होते. तुकिरी ब्रिस्बेनच्या संघातून आला होता, तर रॉबिन्सन विगनच्या. ऑस्ट्रेलियाच्या त्या दिवशीच्या संघात वेंडेल सेलर आणि मॅट रॉजर्स हे आणखी दोघे लीगमधूनच आलेले होते. एका खेळाचा सर्वोच्च सामना आणि त्यात गुण मिळवून देणारे हात दुसऱ्या खेळात घडलेले, हे दृश्य ज्यांना दोन्ही खेळ एकच वाटतात त्यांच्या ध्यानातही आले नसेल.

आपल्याकडे हा घोळ स्वाभाविक आहे. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, पण नावात लीग असली तरी ती सात-सात खेळाडूंची स्पर्धा युनियनच्या घराण्यातली होती. रग्बी लीग हे कोणत्याही स्पर्धेचे नाव नसून एका स्वतंत्र खेळाचे नाव आहे. त्यात प्रत्येक संघात १३ खेळाडू असतात, तर युनियनमध्ये १५. खरा फरक मात्र खेळाडूंच्या संख्येत नाही; तो चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत आहे. लीगमध्ये खेळाडू पडला की झटापट तिथेच थांबते. पाडणारे त्याला सोडतात, तो उठून उभा राहतो आणि चेंडू पायाने मागच्या सहकाऱ्याकडे सरकवतो. तोवर बचाव करणारी फळी दहा मीटर मागे हटलेली असते. असे सहा वेळा झाले की चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात जातो. युनियनमध्ये पडलेल्याला चेंडू सोडावा लागतो आणि त्याच क्षणी दोन्ही संघांतले धिप्पाड गडी त्या चेंडूवर तुटून पडतात. लीग त्यामुळे धाव, पास आणि टक्कर यांचा खेळ झाला, तर युनियनमध्ये त्याशिवाय जमिनीवरची झोंबाझोंबी, स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्यांची एकमेकींना भिडून होणारी रेटारेटी) आणि लाइनआउट (मैदानाबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये परत फेकणे) यांचे एक वेगळेच शास्त्र उभे राहिले. पैशाच्या प्रश्नात हा फरक पुढे कळीचा ठरतो.

दोन खेळ वेगळे झाले तेही पैशावरूनच, आणि तो पैसा पगार म्हणावा इतकाही नव्हता. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत रग्बी खेळणारे बरेचसे गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार होते. शनिवारी सामन्याला जायचे तर कामावर खाडा पडायचा आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. १८९३ मध्ये लंडनच्या बैठकीत रग्बी फुटबॉल युनियनने, म्हणजे इंग्लंडमधील रग्बीच्या नियामक संघटनेने, ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली. दक्षिणेकडच्या बड्या शाळांतून आणि विद्यापीठांतून आलेल्या मंडळींना खेळासाठी पैसे घेणे हलकेपणाचे वाटत होते. अर्थात त्यांच्यापैकी कुणाची शनिवारची मजुरी बुडत नव्हती. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी आपली वेगळी संघटना स्थापली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत खाडाभरपाई मान्य केली. प्रेक्षक तिकीट काढून यावेत म्हणून त्यांनी पुढे नियमही बदलले. लाइनआउट काढून टाकला, १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या १३ वर आणली, आणि अशा रीतीने भरपाईच्या वादातून हळूहळू एक निराळा खेळच तयार झाला. ऑस्ट्रेलियात याचीच पुनरावृत्ती वेगाने घडली. १९०८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून परतलेल्या युनियन संघातील १४ जणांना १९०९ मध्ये जेम्स जॉयंटन स्मिथ या धनिकाने पैसे देऊन लीगकडे वळवले, आणि सिडनीत लीगची जी सरशी झाली ती आजतागायत टिकून आहे.

यानंतर सुमारे शंभर वर्षे एक विचित्र व्यवस्था चालली. युनियन अधिकृतपणे हौशी होती, आणि जो खेळाडू पैसे घेऊन लीगमध्ये गेला त्याला युनियनचे दार कायमचे बंद होत असे. पडद्याआडून मात्र युनियनमध्येही सामन्यानंतर बुटात नोटा ठेवलेल्या सापडत, हे वेल्समध्ये सर्वांना ठाऊक होते. खाणकामगारांच्या वेल्सला ही बंदी फार जाचली. जोनाथन डेव्हिस हे त्याचे ठळक उदाहरण. डिसेंबर १९८८ मध्ये तो वेल्सचा कर्णधार असताना संघ घरच्या मैदानावर रुमानियाकडून हरला. जानेवारी १९८९ मध्ये त्याने विडनेस या लीग क्लबशी सव्वादोन लाख पौंडांच्या आसपासचा करार केला. युनियनमध्ये कीर्ती होती पण उघड पगार नव्हता, लीगमध्ये पगार होता पण परतीचा रस्ता नव्हता. त्यामुळे तेव्हा खेळ बदलणे म्हणजे मागचे दोर कापूनच उडी घेणे होते.

हा बांध १९९५ मध्ये फुटला, आणि तो लीगमधल्याच पैशाने फोडला असे माझे मत आहे. ऑस्ट्रेलियात रूपर्ट मर्डॉक आणि केरी पॅकर या माध्यमसम्राटांत लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांवरून युद्ध पेटले होते आणि खेळाडूंचे भाव रातोरात वाढत होते. आपले उत्तम खेळाडू आता थोपवता येणार नाहीत हे युनियनच्या दक्षिण गोलार्धातील संघटनांना दिसत होते. जूनमध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांसाठी ५५ कोटी अमेरिकी डॉलरचा करार जाहीर केला, आणि ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने युनियन व्यावसायिक झाल्याचे मान्य केले. काही महिन्यांतच डेव्हिस कार्डिफला युनियन खेळायला परतला. तेव्हापासून प्रवाहाची मुख्य दिशा उलटली.

आजचा मोह समजून घ्यायचा तर कोणता खेळ जास्त पैसे देतो हा प्रश्न बाजूला ठेवून पैसे कोणाच्या खिशातून येतात हे पाहावे लागते. लीगमध्ये खेळाडूचा मालक एकच, त्याचा क्लब. ऑस्ट्रेलियातील एनआरएल या स्पर्धेत क्लबवर सॅलरी कॅप, म्हणजे एकूण पगारावरची मर्यादा, असते. आयपीएलच्या लिलावात ठरलेल्या रकमेतच सगळा संघ बसवावा लागतो, त्यासारखाच हा प्रकार आहे. २०२३ मध्ये ही मर्यादा ३० खेळाडूंसाठी १ कोटी २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे सरासरी माणशी चार लाख. आणि या तिसांतल्या सर्वात कमी पगाराच्या खेळाडूलाही वर्षाला १,२०,००० डॉलर मिळत होते. यात सामान्य खेळाडूची सोय चांगली लागते, पण एका तारांकित खेळाडूला दहा-बारा लाख द्यायचे म्हणजे ते उरलेल्या एकोणतिसांच्या ताटातून काढावे लागतात. क्लबचा हात नसलेले बाहेरचे जाहिरात-करार मर्यादेत धरले जात नाहीत, पण त्या वाटेवर पहारा कडक असतो. मेलबर्न स्टॉर्म या क्लबने दुहेरी हिशेब ठेवून मर्यादा ओलांडल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा त्याची २००७ आणि २००९ ही दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली.

युनियनमध्ये खिसे दोन. क्लब किंवा प्रांतीय संघ एक पगार देतो आणि राष्ट्रीय संघटना आपल्या तिजोरीतून त्यावर भर घालते, किंवा न्यूझीलंडप्रमाणे मुख्य करार स्वतःच करते. राष्ट्रीय संघटनेला राष्ट्रीय संघाच्या सामन्यांतून उत्पन्न मिळते, त्यामुळे तिकिटे खपवू शकणारा एकच माणूस तिला संपूर्ण क्लबपेक्षा मोलाचा वाटू शकतो. मार्च २०२३ मध्ये सिडनी रूस्टर्स या लीग क्लबच्या १९ वर्षांच्या जोसेफ सुआलीईला रग्बी ऑस्ट्रेलिया या युनियनच्या राष्ट्रीय संघटनेने करारबद्ध केले, ते वर्षाला सुमारे १६ लाख डॉलर देऊन, असे तेव्हा छापून आले. रुपयांत ही रक्कम नऊ कोटींच्या आतबाहेर जाते. कॅपखालच्या कुठल्याही लीग क्लबला इतकी उडी सहज परवडली नसती. नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर त्याने राष्ट्रीय संघातून पदार्पण केले, ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ४२-३७ असे हरवले आणि सामनावीर तोच ठरला. मात्र त्याच वर्षी मेलबर्न रेबेल्स हा युनियनचा व्यावसायिक संघ पैशाअभावी बंद पडला. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडणे चुकीचे होईल, पण दोन खिशांची व्यवस्था वरच्या टोकाला किती उदार आणि खालच्या टोकाला किती तोकडी असू शकते, ते यात दिसते.

इंग्लंडमध्ये मात्र हिशेब सरळ आहे. तिथल्या लीगच्या सुपर लीग स्पर्धेत क्लबची मर्यादा २१ लाख पौंड आहे, तर युनियनच्या प्रीमियरशिपमध्ये ती २०२४-२५ पासून ६४ लाख पौंड झाली. युनियनच्या संघात खेळाडू जास्त असतात हे धरूनही ही तफावत मोठी आहे, आणि म्हणून विगनच्या किंवा लीड्सच्या गुणी तरुणाला युनियनचा क्लब किंवा एनआरएल यांपैकी एकाची ओढ लागतेच. तरीही मोठी मर्यादा म्हणजे भरलेली तिजोरी नव्हे. युनियनचे वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब २०२२ मध्ये आणि लंडन आयरिश २०२३ मध्ये कोसळले. करार कितीही घसघशीत असला तरी देणाराच बुडाला की खेळाडूला दुसरा संघ शोधावा लागतो.

पैसा असला तरी प्रत्येकाला खेळ बदलता येत नाही. मे १९९६ मध्ये विगन या लीगच्या आणि बाथ या युनियनच्या विजेत्या संघांनी दोन सामने खेळले. लीगच्या नियमांनी विगन ८२-६ असे जिंकले, युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९ असे. विंगर (कडेने धावणारा) आणि फुलबॅक (सर्वांत मागे राहणारा) यांचे काम दोन्ही खेळांत बरेच सारखे असते: मोकळ्या जागेत धावणे, उंच चेंडू झेलणे, एकास एक बचाव करणे. म्हणूनच रॉबिन्सन, तुकिरी, सुआलीई ही सगळी मागच्या फळीतली नावे आहेत. पुढच्या फळीत स्क्रम आणि जमिनीवरची झोंबाझोंबी अंगी मुरायला वर्षे लागतात. सॅम बर्जेस हा साउथ सिडनी या लीग क्लबचा दणकट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, २०१४ मध्ये बाथला गेला. बाथने त्याला मुख्यतः पुढच्या फळीत खेळवले, पण इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात त्याला सेंटर म्हणून, म्हणजे मागच्या फळीच्या मधल्या जागी, उतरवले. इंग्लंड साखळीतच गारद झाले, आणि करार बाकी असतानाच बर्जेस सिडनीला परतला. त्या पराभवाचे खापर त्याच्यावर फोडले गेले ते मला अन्यायाचे वाटते. वर्षभरापूर्वी दुसरा खेळ खेळणाऱ्या माणसाला त्या जागी कोणी निवडले, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

मोह केवळ पैशाचा नसतो, हेही नमूद करायला हवे. लीगची पकड पूर्व ऑस्ट्रेलिया, उत्तर इंग्लंड, न्यूझीलंडचा काही भाग आणि पापुआ न्यू गिनी एवढ्यापुरती आहे. भरल्या स्टेडियमसमोर राष्ट्रीय जर्सी घालून जगभर फिरायचे असेल तर युनियनचा विश्वचषक मोठा. रॉजर तुइवासा-शेक न्यूझीलंड वॉरियर्स या लीग क्लबचा करार सोडून गेला, २०२२ मध्ये ऑल ब्लॅक, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय युनियन संघाचा खेळाडू, झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा वॉरियर्समध्ये आला. उलट दिशेने मार्क नवाकानितावासे हा ऑस्ट्रेलियाचा युनियन विंगर २०२४ च्या ऑलिंपिकनंतर रूस्टर्सकडे गेला. सनी बिल विल्यम्सने तर दोन्हीकडे ये-जा करत एनआरएलची दोन विजेतेपदे आणि युनियनचे दोन विश्वचषक पदरात पाडले. आजन्म बंदीच्या काळात यातला लीगकडून युनियनकडे येणारा एकही प्रवास शक्य नव्हता.

गंमत अशी की बंदीची भाषा आता लीगच्या तोंडी आली आहे. आर३६० या नावाने युनियनची एक बंडखोर स्पर्धा उभी करण्याची घोषणा झाली आणि तिचे दलाल एनआरएलच्या खेळाडूंना मोठ्या रकमा देऊ करू लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये एनआरएलने अशा मान्यता नसलेल्या स्पर्धेत जाणाऱ्यांवर दहा वर्षांची बंदी जाहीर केली. ती स्पर्धा पुढे २०२८ पर्यंत लांबणीवर पडली. त्याच वर्षी पापुआ न्यू गिनीचा संघ एनआरएलमध्ये उतरणार आहे, आणि तिथे राहून खेळणाऱ्या खेळाडूंचा पगार त्या देशाच्या सरकारने करमुक्त केला आहे. सॅलरी कॅप कर कापण्याआधीच्या रकमेवर मोजली जाते. सिडनीत दहा लाख डॉलर घेणाऱ्या खेळाडूच्या मिळकतीच्या वरच्या टप्प्यावर ४५ टक्के कर लागतो, तर पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बीत तेच दहा लाख जसेच्या तसे हाती पडतील. युनियनचा दुसरा खिसा ज्या फरकाच्या जोरावर लीगचे तारे पळवत आला, त्यातला मोठा हिस्सा यामुळे मर्यादेची चौकट न मोडताच भरून निघू शकतो, आणि इतर १७-१८ क्लबांची खरी तक्रार नेमकी हीच असणार आहे.