नागपूरच्या गॅलरीतले ‘जेड’ आणि त्याचे मूळ रान

नागपूरच्या रोपवाटिकांमध्ये ‘जेड’ म्हणून मिळणारे, तांबूस खोडाचे आणि नखाएवढ्या आकाराच्या, जाड, गोलसर पानांचे रोप बहुधा पोर्टुलाकारिया आफ्रा या जातीचे असते. खरे जेड, म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा, मोठ्या पानांचे आणि वेगळ्या कुळातले आहे.

येथे कुंडीत वीत-दोन वीत वाढणारे हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात दोन ते पाच मीटर उंच होते. तेथे त्याला स्पेकबूम म्हणतात, आणि काटेरी झुडपांच्या सोबतीने त्याची इतकी दाट जाळी बनते की माणसाला तीतून वाट काढणे कठीण जाते. जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले.

हे रान हत्तींच्या सहवासात घडले. हत्ती झाड वरून खातो, त्यामुळे जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्या मुळे धरतात, मोडून पडलेला तुकडाही रुजतो, आणि झाड पसरत जाते. शेळी मात्र खालून खाते. बुंध्याभोवतीचा खालच्या फांद्यांचा हा घेरच गेला की माती उघडी पडते आणि झाड मरते. १९१९-२० मध्ये शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून ईस्टर्न केपमधल्या अ‍ॅडो भागात शंभरावर हत्ती मारले गेले, आणि १९३१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा जेमतेम ११ हत्ती उरले होते. दुसरीकडे अंगोरा शेळ्यांच्या कळपांनी हजारो चौरस किलोमीटर रान उजाड केले. ही हानी अधिक जिव्हारी लागते, कारण एकदा गेलेले हे रान आपण होऊन परतत नाही. उघड्या, तापलेल्या मातीत त्याची रोपे तगत नाहीत. म्हणून २००४ मध्ये सुरू झालेल्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात त्याच्या फांद्याच थेट जमिनीत रोवल्या जाऊ लागल्या.

पाण्याचा ताण पडला की हे झाड पर्णरंध्रे, म्हणजे ज्यांतून पाण्याची वाफ जाते ती पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून रात्री उघडते, आणि पाणी मिळू लागले की पुन्हा दिवसा उघडू लागते. त्यामुळे नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना ते थोड्या सावलीत काढू शकते. खरी अडचण पावसाची आहे. त्याच्या मूळ प्रदेशात बऱ्याच ठिकाणी वर्षाला २५० ते ५०० मिलिमीटर पाऊस थोडाथोडा पडतो. येथे सुमारे ११०० मिलिमीटर पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. काळ्या मातीत पाणी साचून खोड तळाशी मऊ पडते आणि पाने हात लागताच गळतात. म्हणून वाळू-मुरूम मिसळलेली माती भरावी, कुंडीचे छिद्र मोकळे ठेवावे आणि झडीच्या दिवसांत कुंडी छताखाली घ्यावी.