सागरेश्वर अभयारण्य : पायी भटकंती

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरचे छोटे अभयारण्य. क्षेत्रफळ १०.८७ चौरस किलोमीटर, अधिसूचना १९८५ सालची. येथील रान बहुतांशी माणसाने उभे केले आहे : मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरांवर लागवड झाली, कुंपण घातले गेले आणि हरणे आणून सोडण्यात आली. शुष्क पानगळी व काटेरी झुडपांच्या या जंगलात बारमाही पाणी नाही. भटकंतीचे बरेचसे गणित या एका गोष्टीवर बसते.

पुणे-मिरज लोहमार्गावरील ताकारी हे सोयीचे स्थानक. तेथून देवराष्ट्र्याकडे जाणाऱ्या रस्त्याने प्रवेशद्वाराशी पोचता येते. नाक्यावर वनखात्याचे शुल्क भरून नोंद करावी. श्रावणी सोमवारी सागरेश्वराच्या देवळांना मोठी गर्दी असते. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळावा.

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पुढे पानगळ वाढते आणि वाळक्या पाचोळ्यावर प्रत्येक पाऊल वाजते, त्यामुळे जनावर दिसण्याआधीच पसार होते. उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठ्यांजवळ हरणे हमखास दिसतात, पण तिथे ठाण मांडून बसू नये. तहानलेला कळप माणूस हलेपर्यंत पाण्यावर उतरत नाही.

चढण पहाटेच उरकावी. ऊन तापले की वारा उतारावरून वर वाहू लागतो आणि खालून चढणाऱ्याचा वास त्याच्या आधी माथ्यावर पोचतो. सांबर दिवसा सावलीत बसून राहते, म्हणून ते पाहण्याची खरी संधी उजाडतानाच. चितळांचे कळप त्यामानाने सहज दिसतात. भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे ऐकू आले तर जागीच थांबावे. बहुतेकदा त्याने आपल्यालाच पाहिलेले असते. काळवीट मोकळ्या गवताळ पट्ट्यात शोधावे, दाट झाडीत ते रमत नाही.

माणशी दोन लिटर पाणी सोबत हवे. पावसाळ्यानंतर गवताची कुसळे लोकरी मोज्यांत रुततात आणि चालताना टोचत राहतात. गुळगुळीत कापडाची लांब पँट बरी. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे व कमरेशी गोचीड तपासावी. मुरमाड उतारावर पाय चढताना नव्हे, उतरताना घसरतो : तिथे आडवे, छोटी पावले टाकत उतरावे. दगडांच्या कपारीत न पाहता हात घालू नये, फुरसे असू शकते. गळून पडलेले शिंग सापडले तरी उचलू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते सरकारी मालमत्ता ठरते.

माथ्यावरून कृष्णाकाठचा ऊस आणि द्राक्षबागा दिसतात. कुंपण ओलांडून हरणे त्याच हिरवाईकडे उतरतात, आणि पिकांच्या नुकसानीमुळे भोवतालच्या गावांची अभयारण्याविषयीची नाराजी जुनी आहे. म्हणून कुंपणातील फाटक उघडले, तर मागे लावून घेणे हा येथे केवळ शिष्टाचार नव्हे.