पांझराकाठचे फड : मोडले कधी आणि कशामुळे

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठी फड म्हणजे ऊसतोडीची जागा नव्हे, कुस्तीचा किंवा तमाशाचा आखाडाही नव्हे. बंधाऱ्याच्या पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणतात आणि थळाचे जे तीन-चार मोठे तुकडे पडतात, तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. ऊस एका फडात, बाकीच्यांत गहू, हरभरा, बाजरी, आणि उसाचा फड पाळीपाळीने बदलायचा. पाणी कमी असेल तर उसाखालचे क्षेत्र आधीच कमी करायचे किंवा एखादा फड पडीक ठेवायचा. टंचाई अशी सगळ्यांत वाटली जाई, कारण बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे.

एकपिकाचा नियम हट्टापायी आलेला नव्हता. उसाला बाराही महिने ओल लागते. हरभऱ्याला पाणी जास्त झाले तर तो मरतो. दोन्ही शेजारी लावले की उसाच्या वाफ्यातून पाझरणारे पाणी हरभऱ्यात उतरते आणि एकासाठी उघडलेली चारी दुसऱ्यासाठी बंद करता येत नाही.

रोजचे काम पगारी माणसांकडे असे. पाटकरी पाटाचे पाणी सांभाळी, जागल्या राखण करी. शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नसे. शेताला पाणी देणारा बारेकरी फावड्याने मातीचा बांध फोडून बारे, म्हणजे शेतात पाणी घेण्याचे तोंड, उघडी, शेत भिजले की तीच माती परत दाबून पुढच्या शेताला जाई. रात्रही धरलेली असे, कारण पाटात साठवण नव्हती आणि वाहते पाणी थांबवता येत नव्हते. मोबदला धान्याच्या रूपात मिळे. हंगामाआधी गाळ काढणे, पाटाची डागडुजी ही कामे लाभधारकांची.

आता ज्या शब्दाने फार घोळ केला त्याकडे येऊ. इंग्रजी अमदानीच्या पाटबंधारे कायद्यात, आणि पुढे १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही, अशा बंधारे-पाटांना ‘दुसऱ्या वर्गाची कामे’ म्हटले आहे. हा वर्ग कारभाराचा आहे : कोणाला किती पाण्याचा हक्क, दुरुस्ती कोणी करायची याची नोंद ठेवलेली, गावाच्या वहिवाटीने चालणारी कामे. कार्यालयीन बोलण्यात मात्र त्याचा अर्थ ‘दुय्यम दर्जाची’ असा होत गेला. जे शेकडो वर्षे बिनतक्रार चालले ते जुनाट ठरले आणि नव्या धरणांची आखणी करताना नदीतले वाहते पाणी मोकळे, कोणाचेच नसलेले, असे धरले गेले. तिथेच चूक झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पाणी कोणाचे होते याची नोंद कागदावर होती.

साक्री तालुक्यात वरच्या अंगाला कान नदीवर मालनगावचे आणि पिंपळनेरजवळ पांझरेवर लाटीपाड्याचे धरण झाले. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासचा हा काळ. धरणे नकोत असे त्या वर्षांत कोण म्हणेल? पण खालच्या बंधाऱ्यांना सतत येणारी बारीक धार तुटली आणि पाणी आवर्तनाने, म्हणजे धरणातून सोडतील तेव्हाच, येऊ लागले. फडाचा पाट मंद, अखंड धारेसाठी केलेला. पाणी एकदम आले की सांडव्यावरून वाहून जाते, आवर्तन संपले की शेवटचा फड कोरडा. दोन आवर्तनांतले अंतर गव्हाला कसेबसे चालते, उन्हाळ्यातल्या उसाला नाही.

मग ज्यांना जमले त्यांनी विहिरी खोदल्या, आधी ऑइल इंजिन, नंतर विजेची मोटर बसवली. विहीरवाला फडात हवे ते पीक घेऊ लागला आणि एकपिकाचा नियम तिथेच मोडला. ज्याला पाटाची गरज उरली नाही तो गाळ काढायला कशाला येईल? पाटकऱ्याचे धान्य थकले. वाटण्या होत गेल्या तशा जमिनीच्या पट्ट्याही अरुंद झाल्या आणि वाळू उपशाने पात्रातली ओल आणखी घटली.

पुढे धुळ्याच्या वर अक्कलपाड्याचे धरण झाले आणि नदीचा ताबा गावांच्या हातून आणखी निसटला. न्याहळोदसारख्या गावांत फड टिकवण्याचे प्रयत्न झाले. सामोड्याकडे जुन्या बंधाऱ्यांच्या पाटांवर अजून शेती भिजते. जिथे पंचांचा शब्द पाळला जातो तिथे पाळीही पाळली जाते. बाकी बऱ्याच ठिकाणी बंधाऱ्याचे चुन्यातले बांधकाम खडकावर पक्के उभे आहे, पाटाचे तोंड मात्र गाळाने बुजले आहे.